इंग्रजी भाषेंतील ‘बेअर’ : एका श्वापदनामाचा अर्थेतिहास

(१) प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत इंग्रजी कागदांचें महत्त्व किती आहे हें निराळें सांगावयास नको. सुरत व मुंबई येथील वखारवाल्यांचीं पत्रें, कंपनी सरकारच्या दप्तरांतील टिपणें, १९३६ पासून यदुनाथ सरकार व गोविंदराव सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध होऊं लागलेला पुणें रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार, हीं सर्व आमच्या नित्याच्या उपयोगांतलीं साधनें आहेत. मोडी कागद हातीं आला म्हणजे आम्ही त्याचें अक्षर, शिक्का, मायना, तिथि, वार हें सर्व ताडून पाहतों. एखादा शब्द अडला तर त्यावर चार दिवस घालवितों. परंतु इंग्रजी कागद समोर आला कीं, ही सावधगिरी सैल पडते. शब्द ओळखीचा दिसतो, म्हणून अर्थहि ओळखीचाच असला पाहिजे असें आम्ही गृहीत धरितों. हा भ्रम आहे, व तो एका उदाहरणानें दाखवावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

समजा, अठराव्या शतकाच्या अखेरच्या एखाद्या खाजगी इंग्रजी पत्रांत अमुक तरुण उमराव आपल्या ‘बेअर-लीडर’सह रोम शहरीं मुक्कामास आहे असा मजकूर आला. शब्दशः भाषांतर करणारा ‘अस्वल खेळविणारा दरवेशी’ असें लिहील, आणि उमरावाच्या संगतीस दरवेशी कां असावा याविषयीं कदाचित् एखादी विद्वत्ताप्रचुर टीपहि जोडील. वस्तुतः तो मनुष्य उमरावपुत्राचा शिक्षक आहे. अस्वल कोणी असेल तर तो उमरावच. तसेंच १७२० सालच्या एखाद्या लंडनच्या पत्रांत ‘बेअर’ लोकांनीं घात केला असें आलें, तर तेथें रान नाहीं, शिकार नाहीं. तेथें कंपनीच्या भागांचा सौदा आहे.

आपल्याकडील आलंकारिकांनीं शब्दाच्या अभिधा, लक्षणा व व्यंजना अशा शक्ती मानल्या आहेत. मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त लक्षणेस तीन गोष्टी आवश्यक म्हणून सांगितल्या : मुख्य अर्थाचा बाध, त्या अर्थाशीं संबंध, आणि रूढि किंवा प्रयोजन. रूढीचें उदाहरण म्हणून त्यानें ‘कुशल’ हा शब्द घेतला आहे. मूळचा दर्भ कापणारा तो पुढें कोणत्याहि कामांत निष्णात असा झाला, आणि दर्भाची आठवण कोणासहि राहिली नाहीं. आमच्या मतें इतिहाससंशोधकाचें काम येथूनच सुरू होतें. प्रयोजनाची रूढि केव्हां झाली, कोणत्या प्रसंगानें झाली, व मधली कथा कोठें गळाली, हें शोधिलें तर शब्द हाहि ताम्रपटासारखा साक्षीदार होतो. ‘बेअर’ म्हणजे अस्वल या एका श्वापदनामाची अशी साक्ष आम्ही येथें काढीत आहों.

आरंभींच एक इशारा द्यावयास पाहिजे. इंग्रजींत ‘वाहणें, सोसणें’ या अर्थाचें ‘बेअर’ हें क्रियापद आहे. तें संस्कृत ‘भृ’ धातूचें सगोत्र आहे. श्वापदवाचक ‘बेअर’शीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. उच्चार व लेखन एक झालें म्हणून कुळ एक होत नाहीं.

(२) नांव नव्हे, आडनांव

अस्वलास संस्कृतांत ‘ऋक्ष’ म्हणतात. ग्रीक ‘आर्क्तोस्’ व लॅटिन ‘उर्सुस्’ हे त्याचेच सगोत्र शब्द होत, याविषयीं भाषाशास्त्रज्ञांत मतभेद नाहीं. परंतु जर्मानिक शाखेंतील भाषांत, व म्हणून इंग्रजींतहि, या मूळ शब्दाचा मागमूस नाहीं. त्या ठिकाणीं ‘बेअर’ व त्याचे भाऊबंद आले आहेत. यांचा मूळ अर्थ बहुतेक विद्वान् ‘पिंगट’, म्हणजे तपकिरी रंगाचा, असा करितात. कांहीं ‘रानटी जनावर’ असा करितात. कोणताहि घेतला तरी तें त्या प्राण्याचें नांव नसून वर्णन आहे. स्लाव भाषांतहि हाच प्रकार. रशियन ‘मेद्वेद्’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘मध खाणारा’. त्यांतील दोन्ही अवयव आमच्या ‘मधु’ व ‘अद्’ यांचे सगोत्र आहेत.

उत्तर युरोपांतील इतक्या लोकांनीं आपल्या पूर्वजांचा शब्द कां टाकिला? फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान् मेइये यांनीं १९०६ सालीं याचें उत्तर असें दिलें कीं, ज्या रानांत अस्वलाचें भय खरोखर होतें, तेथील शिकारी त्याचें नांव घेत नसत. नांव घेतलें तर तो येईल, अशी समजूत. ही उपपत्ति सामान्यतः मान्य झाली आहे, आणि महाराष्ट्रीय वाचकांस तींत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आमच्या खेड्यांतून रात्रीं सापाचें नांव अजूनहि कोणी घेत नाहीं; ‘जनावर’ किंवा ‘लांबडें’ म्हणतात, आणि साप चावला असें न म्हणतां ‘पान लागलें’ म्हणतात. ज्या भयानें ‘पान लागलें’ हा प्रयोग जन्मास आला, त्याच भयानें ‘बेअर’ हा शब्द जन्मास आला असावा. म्हणजे इंग्रजी ‘बेअर’ हा शब्द मुळांतच लाक्षणिक आहे. फक्त ती लक्षणा इतकी जुनी झाली कीं तीच अभिधा होऊन बसली.

(३) आकाशांतील अस्वल

रानांतल्या मोकळ्या अस्वलापासून निघालेला दुसरा अर्थ आकाशांत आहे. ज्या तारकापुंजास आम्ही सप्तर्षि म्हणतों त्यास ग्रीकांनीं ‘अस्वल’ म्हटलें. होमरच्या काव्यांत या पुंजाचीं अस्वल व गाडा अशीं दोन्ही नांवें आलीं आहेत, व तो समुद्रांत कधीं बुडत नाहीं असेंहि सांगितलें आहे. इंग्रजींत तीं दोन्ही नांवें लॅटिनच्या द्वारें व लोकवाणींतून टिकून राहिलीं. ज्या दिशेस हें अस्वल दिसतें ती उत्तर दिशा. म्हणून उत्तरध्रुवाकडील प्रदेश ‘आर्क्टिक’, म्हणजे ‘अस्वलाकडचा’. आज इंग्रज हा शब्द उच्चारतो तेव्हां त्याच्या मनांत बर्फ येतें, अस्वल येत नाहीं. आणि आलेंच तर तें पांढरें अस्वल येतें, ज्याचा या शब्दाच्या जन्माशीं संबंध नाहीं.

येथें एक गोष्ट आमच्या वाचकांस विशेष रुचेल. शतपथब्राह्मणांत (२.१.२.४) सप्तर्षींस पूर्वीं ‘ऋक्ष’ म्हणत असत असें स्पष्ट सांगितलें आहे, व ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील चोविसाव्या सूक्तांतहि उंच स्थापिलेल्या व रात्रीं दिसणाऱ्या ऋक्षांचा उल्लेख आहे. मॅक्स म्यूलर यांनीं यावर अशी कल्पना बसविली कीं, ‘ऋक्ष’ म्हणजे मुळांत ‘तेजस्वी’. त्यावरून ताऱ्यांस तें नांव पडलें. मागाहून मूळ अर्थ विसरल्यामुळें ग्रीकांनीं त्यांत अस्वल पाहिलें व भारतीयांनीं ‘ऋषि’ पाहिले. ही कल्पना मोठी मोहक आहे. परंतु त्यांनीं धरलेली व्युत्पत्ति पुढील विद्वानांस मान्य राहिली नाहीं. तथापि शतपथाची साक्ष उरतेच. ज्या पुंजांत ग्रीकांस अस्वल दिसलें, त्याचें जुनें वैदिक नांवहि अस्वलाचेंच होतें. आम्हीं मात्र तेथें ऋषि बसविले, आणि अस्वल कायमचें खालीं उतरलें.

(४) साखळींतील अस्वल

इतका वेळ आपण मोकळ्या अस्वलाविषयीं बोलत होतों. आतां इंग्लंडांत उतरावयाचें, आणि येथें मुख्य मुद्दा आहे. इंग्लंडच्या रानांतून अस्वल फार पूर्वींच, १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आधींच, नामशेष झालें असें सामान्यतः मानतात. यापुढें इंग्रजानें जें अस्वल पाहिलें तें परदेशांतून आणलेलें, नाकांत कडी किंवा गळ्यांत साखळी असलेलें. तिसऱ्या हेन्रीला १२५२ सालीं नॉर्वेच्या राजाकडून एक पांढरें अस्वल नजर आलें. तें लंडनच्या किल्ल्यांत ठेविलें होतें, त्याच्या खर्चास शहराच्या शेरिफांकडून रोज चार पेन्स देवविले जात, आणि टेम्स नदींत मासे धरतांना त्यास बांधावयास साखळी व लांब दोर पुरविण्याचा हुकूम झाला होता. मासे स्वतःच धरून खाणारें, परंतु दोराच्या टोकाला बांधलेलें, असें हें अस्वल म्हणजे पुढील पांचशें वर्षांच्या अर्थेतिहासाचें जणूं बोधचित्रच आहे.

सोळाव्या शतकांत अस्वलावर कुत्रे सोडण्याचा खेळ राजापासून रंकापर्यंत सर्वांस प्रिय झाला. मैदानाच्या मधोमध खुंट रोवावयाचा, अस्वल त्यास साखळीनें जखडावयाचें, आणि त्यावर मोठाले कुत्रे सोडावयाचे. १५७५ च्या जुलैंत एलिझाबेथ राणी केनिलवर्थच्या गढींत अर्ल ऑफ लेस्टर याच्या घरीं पाहुणी असतां एके दिवशीं तेरा अस्वलें या खेळास आणलीं होतीं. त्या लेस्टरच्या घराण्याचें चिन्हच मुळीं साखळीनें बांधलेलें अस्वल व खडबडीत खुंट असें होतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लंडनमध्यें टेम्सच्या दक्षिण तीरावर या खेळाचें ठरीव ठिकाण होतें. तेथील सज्जे १५८३ च्या जानेवारींत एका रविवारीं कोसळून माणसें मेलीं, तेव्हां धर्मनिष्ठांनीं हा देवाचा कोप म्हटला; पण खेळ थांबला नाहीं. उलट १५९१ सालीं, गुरुवारीं नाटकें करूं नयेत, कारण त्यामुळें अस्वलांच्या खेळाचें नुकसान होतें, असा राणीच्या मंत्रिमंडळाचा हुकूम निघाला. १६०४ सालीं राजाच्या अस्वलांच्या व्यवस्थेचा अधिकार फिलिप हेन्स्लो व एडवर्ड ॲलन या नाटकवाल्यांनीं मिळविला, व १६१४ सालीं ‘होप’ नांवाचें जें घर त्याच तीरावर उघडलें त्यांत रंगपीठ काढतां-घालतां येई अशी सोय केलेली होती : कांहीं दिवस नाटक, कांहीं दिवस अस्वल. बेन जॉन्सनचें ‘बार्थोलोम्यू फेअर’ हें नाटक त्या वर्षीं तेथेंच झालें.

नाटकगृह व अस्वलाचा आखाडा इतके शेजारीं असल्यावर शब्दाचा अर्थ वाढल्यास नवल काय? शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकांत शेवटच्या लढाईंत चोहोंकडून घेरलेला मॅकबेथ स्वतःची तुलना खुंटास बांधलेल्या अस्वलाशीं करितो. पळतां येत नाहीं, म्हणून झुंजलेंच पाहिजे, असा भाव. आजचा वाचक ही केवळ उपमा समजतो. त्या वेळच्या प्रेक्षकानें तो प्रसंग त्याच तीरावर डोळ्यांनीं पाहिलेला असे. आमच्याकडील कोणत्याहि भाषांतरकारानें येथें ‘रानांत कोंडलेल्या अस्वलाप्रमाणें’ असें लिहिलें तर तें चुकीचें होईल. खुंट हा त्या उपमेचा प्राण आहे.

१६५६ सालीं, प्युरिटन पक्षाच्या अमदानींत, कर्नल प्राइड यानें तेथील अस्वलें गोळ्या घालून मारविलीं. १६६० नंतर राजसत्तेबरोबर हा खेळहि परत आला. सॅम्युएल पीप्स यानें १६६६ सालीं तेथें जाऊन आल्याची नोंद आपल्या रोजनिशींत केली आहे. अखेर १८३५ च्या कायद्यानें त्यास मनाई झाली. खेळ गेला, पण ज्या बागेंत तो होत असे त्या ‘बेअर-गार्डन’चें नांव गोंगाट, शिवीगाळ व धक्काबुक्की चालणाऱ्या कोणत्याहि सभेस लागलें. त्यामुळें पार्लमेंटाच्या किंवा एखाद्या म्युनिसिपालिटीच्या वृत्तांतांत ‘बेअर-गार्डन’ आलें तर तेथें प्राणिसंग्रहालय शोधूं नये.

(५) ओबडधोबड मनुष्य व त्याचा शिक्षक

अस्वलाविषयींची एक जुनी दंतकथा प्लिनीनें लिहून ठेविली आहे. अस्वलाचें पिलूं जन्मतः मांसाचा निराकार गोळा असतें व आई त्यास चाटून चाटून आकार देते, अशी ती समजूत. मध्ययुगांतील प्राणिवर्णनाच्या पोथ्यांतून ती इंग्लंडांत आली, आणि कच्च्या गोष्टीस किंवा अडाणी मनुष्यास घडविणें या अर्थीं ‘चाटून आकारास आणणें’ असा वाक्प्रचार इंग्रजींत रूढ झाला. सर टॉमस ब्राउन यानें १६४६ सालीं लोकभ्रमांचें निरसन करणारा जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत ही कथा खोटी ठरविली आहे. पिलूं अत्यंत लहान व डोळे मिटलेलें असतें, एवढेंच तींत खरें. भ्रम गेला, वाक्प्रचार राहिला. आणि आतां तो वापरणाऱ्यास त्यांत अस्वल आहे हेंहि ठाऊक नसतें.

याच कल्पनेला साखळीची जोड मिळून अठराव्या शतकांतील ‘बेअर-लीडर’ तयार झाला. गांवोगांव अस्वल नाचवीत हिंडणारा मनुष्य इंग्लंडांत परिचित होता. त्या काळीं श्रीमंतांचे मुलगे शिक्षण संपलें म्हणजे फ्रान्स व इटलीच्या लांब प्रवासास जात, व त्यांबरोबर एखादा पंडित किंवा धर्मोपदेशक पाठवीत. अर्धवट वाढलेलें, हट्टी, पैसेवालें पोर व त्याला दोरीनें धरून राजदरबार दाखवीत नेणारा गरीब शिक्षक, हें चित्र लोकांच्या डोळ्यांपुढें आलें व शिक्षकास तें नांव पडलें. या एका शब्दांत त्या काळच्या विद्वानांची आर्थिक स्थिति व सरदारपुत्रांचें वर्तन, दोहोंची साक्ष आहे.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या चरित्रांत या दोन्ही अर्थांचा सुंदर मेळ दिसतो. १७७३ सालीं ते बॉस्वेल यांच्याबरोबर स्कॉटलंडांत गेले. कोशकार म्हणून कीर्ति मोठी, परंतु देह अवाढव्य, वागणें आडदांड. बॉस्वेल यांच्या न्यायाधीश वडिलांनीं त्यांस सप्तर्षींचेंच लॅटिन नांव दिलें : ‘उर्सा मेजर’, म्हणजे मोठें अस्वल. त्यांत तारा व जनावर दोन्ही आलीं. बॉस्वेल यांच्या पत्नीचा टोमणा याहून मार्मिक होता. मनुष्य अस्वलास ओढीत नेतो हें आपण पुष्कळदां पाहिलें, पण अस्वल मनुष्यास ओढीत नेतें हें प्रथमच पाहिलें, असा त्याचा आशय. बाईंच्या विनोदाचा अर्थ कळण्यास दोरी कोणाच्या हातीं असे हें आधीं ठाऊक पाहिजे.

(६) कातड्याचा सौदा

आतां सर्वांत प्रसिद्ध अर्थाकडे वळूं. शेअरबाजारांत भाव उतरतील या आशेनें जो विकतो त्यास ‘बेअर’ म्हणतात, व जो भाव चढतील म्हणून घेतो त्यास ‘बुल’, म्हणजे बैल. याचें स्पष्टीकरण सामान्यतः असें देतात कीं, अस्वल पंजानें खालीं ओढतें व बैल शिंगानें वर उडवितो. हें ऐकण्यास सुबक आहे, परंतु मागाहून रचलेलें आहे. कागदोपत्रीं पुरावा निराळीच वाट दाखवितो.

अस्वल मारण्यापूर्वीं त्याचें कातडें विकूं नये, अशी म्हण युरोपांतील अनेक भाषांत आहे. आमच्या ‘बाजारांत तुरी’ या म्हणीची ती बहीणच. फिलिप द कॉमीन या फ्रेंच मुत्सद्द्यानें आपल्या आठवणींत तिचा एक राजकीय प्रयोग नमूद केला आहे. १४७५ च्या सुमारास फ्रान्सच्या अकराव्या लुईनें बादशहा तिसरा फ्रेडरिक याजकडे वकील पाठवून, बर्गंडीच्या चार्ल्सचा मुलूख आपण दोघांनीं वाटून घ्यावा, अशी सूचना केली. बादशहानें उत्तरादाखल तीन सोबत्यांची गोष्ट सांगितली : त्यांनीं न मारलेल्या अस्वलाच्या कातड्यावर उधारी केली, आणि अस्वल समोर येतांच त्यांची त्रेधा उडाली. हीच कथा पुढें ला फोंतेन यानें आपल्या नीतिकथांत घातली.

लंडनच्या ‘चेंज ॲली’ या गल्लींत अठराव्या शतकाच्या आरंभीं कंपन्यांच्या भागांचा व्यापार वाढला, तेव्हां आपल्याजवळ नसलेले भाग पुढील मुदतीस देण्याच्या करारानें विकण्याची चाल पडली. अशा विक्रेत्यास लोकांनीं ‘अस्वलाचें कातडें विकणारा’ म्हटलें. मग ‘कातडें’ गळालें आणि विकणारा स्वतःच अस्वल झाला. १७०९ च्या ‘टॅटलर’ पत्रांत हा शब्द बाजारी अर्थानें आलेला आहे. १७२० सालीं साउथ सी कंपनीच्या भागांचे भाव कोसळल्यानंतर तो सर्वतोमुखीं झाला. १७३४ सालीं सर जॉन बार्नार्ड यांच्या पुढाकारानें पार्लमेंटानें अशा नसलेल्या मालाच्या विक्रीस मनाई केली. तो कायदा १८६० पर्यंत पुस्तकांत राहिला, व्यवहारांत फारसा पाळला गेला नाहीं. १७६१ सालीं टॉमस मॉर्टिमर यानें दलालीवर जें पुस्तक लिहिलें त्यांत दोन्ही शब्द समजावून द्यावे लागले. यावरून बाजाराबाहेरील सामान्य वाचकास ते तोंवर पुरते परिचित नव्हते असें अनुमान निघतें.

हा इतिहास मुंबईस जवळचा आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळीं कापसाच्या व्यापारांत मुंबईंत अमाप पैसा आला, बॅक बेच्या भरावाच्या व इतर कंपन्यांच्या भागांवर मुदतीचे सौदे झाले, आणि यादवी संपतांच १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशीं अनेक मोठ्या पेढ्या बुडाल्या. दिनशा वाच्छा यांनीं १९१० सालीं या प्रकरणाचा इतिहास स्वतंत्र ग्रंथांत लिहिला आहे. हे सौदे जातीनें तेच ‘कातड्याचे’ सौदे होते. परंतु आमच्या बाजारानें अस्वल घेतलें नाहीं. आमच्याकडे तेजी व मंदी, तेजीवाले व मंदीवाले हे शब्द चालले. एक फारसी, एक संस्कृत. दोन्ही बाजाराच्या गतीचे वाचक, जनावराचा संबंध नाहीं. अलीकडे मात्र मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ‘अस्वलांची पकड’ असे प्रयोग दिसूं लागले आहेत. शब्द आला, कथा आली नाहीं. शंभर वर्षांनीं कोणी संशोधक आमचीं हीं वर्तमानपत्रें चाळील, तेव्हां मराठींत अस्वल हें मंदीचें प्रतीक कसें झालें याची व्युत्पत्ति तो आमच्या रानांत शोधूं लागेल; ती लंडनच्या गल्लींत आहे हें आजच नोंदून ठेवणें बरें.

(७) राष्ट्र व खेळणें

एकोणिसाव्या शतकांत ‘अस्वल’ म्हणजे रशिया हा संकेत इंग्रजी व्यंगचित्रांनीं दृढ केला. ३० नोव्हेंबर १८७८ च्या ‘पंच’ पत्रांत टेनिएल यानें काढलेलें चित्र प्रसिद्ध आहे : काबूलचा अमीर शेर अली मध्यें, एका बाजूस सिंह, दुसऱ्या बाजूस अस्वल. दुसरें अफगाण युद्ध त्याच महिन्यांत सुरू झालें होतें. मुंबईंत जन्मलेले कवि किप्लिंग यांनीं १८९८ सालीं ‘अस्वलाचा तह’ अशा अर्थाच्या नांवाची कविता लिहिली. तींतील अस्वल विनवणी करीत जवळ येतें व घात करितें. तिचा रोख रशियाकडे आहे हें त्या वेळच्या वाचकांस सांगावें लागलें नाहीं. पूर्वींच्या सर्व अर्थांहून येथें एक भेद आहे. हें अस्वल साखळींत नाहीं, आणि म्हणूनच तें भयंकर आहे.

पुढें चारच वर्षांनीं, नोव्हेंबर १९०२ मध्यें, अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी प्रांतांत शिकारीस गेले. त्यांच्यासाठीं एक अस्वल धरून झाडास बांधून ठेविलें होतें. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणें त्यांनीं नाकारिलें. जखमी झाल्यामुळें तें मागाहून दुसऱ्यानें मारिलें. १६ नोव्हेंबरच्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्यें बेरीमन यानें या प्रसंगाचें चित्र काढिलें, आणि त्यावरून ‘टेडीचें अस्वल’ हें खेळणें निघालें. ज्या प्राण्याचें नांव घेण्यासहि एके काळीं शिकारी भीत, तो आतां पाळण्यांत लेकराच्या कुशींत जाऊन बसला. येथेंहि कथेच्या मुळाशीं दोर व खुंट आहेतच.

(८) उपसंहार

वरील अर्थांचा अनुक्रम लाविला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. जे अर्थ मोकळ्या अस्वलापासून निघाले ते दोनच, व ते इंग्रजी भाषा इंग्लंडांत स्थिर होण्याच्या आधींचे : भयानें घेतलेलें आडनांव आणि आकाशांतला पुंज. इंग्लंडांत वाढलेले बहुतेक अर्थ बांधलेल्या, नाचविलेल्या किंवा विकलेल्या अस्वलाचे आहेत. आडदांडपणा, घेरलेपण, गोंगाट, शिक्षकाची दोरी, कातड्याचा सौदा, यांपैकीं एकहि गुण अस्वलाच्या स्वभावांत नाहीं. ते सर्व मनुष्याच्या व्यवहारांतले आहेत. शब्दाचा लाक्षणिक अर्थ प्राण्याचें वर्णन करीत नाहीं. त्या समाजाचें त्या प्राण्याशीं कसें वर्तन होतें तें सांगतो. रशियाचें अस्वल हा एक अपवाद. पण तेथेंहि प्राण्याविषयीं नव्हे, शेजाऱ्याविषयींच्या भीतीबद्दल माहिती मिळते.

आमच्याकडेहि दरवेशी अस्वल घेऊन दारीं येत असे. त्याचा केस ताइतांत घालून लेकरांच्या गळ्यांत बांधीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदा क्रमाक्रमानें बंद पडला. परंतु दरवेशानें मराठीला इंग्रजीइतके अर्थ दिले नाहींत. केसाळ मनुष्यास अस्वल म्हणतात, यापलीकडे फारसें कांहीं नाहीं. याचें एक कारण आम्हांस असें वाटतें कीं, आमच्या सह्याद्रींत व विदर्भाच्या रानांत खरें अस्वल मोकळें होतें व आहे. ज्याची जातीनें गांठ पडते त्याच्याविषयीं मनुष्य अलंकार कमी रचतो.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. अर्थांस तारखा असतात, आणि तारखा असल्यामुळें त्यांनीं कागद पारखितां येतो. १६५० ची म्हणून दाखविलेल्या एखाद्या इंग्रजी पत्रांत बाजारी अर्थाचें ‘बेअर’ आढळलें, तर कागद व शाई कितीहि जुनी दिसो, मजकुराविषयीं शंका घेतलीच पाहिजे. इंग्रजांस हें करितां येतें, कारण ऑक्सफर्डच्या कोशानें १८८४ ते १९२८ पर्यंत खपून प्रत्येक अर्थाखालीं सालवार उतारे दिले. मराठींत मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७) व दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे मोठे आधार आहेत, परंतु कोणता अर्थ कोणत्या शकांत प्रथम आला हें त्यांवरून ठरवितां येत नाहीं. तें ठरविण्याचें सामान बखरींत, पत्रांत, महजरांत व वहीखात्यांत आहे, आणि तें सामान आमच्या वाचकांच्या कपाटांत आहे.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, ज्यांच्या संग्रहीं जुने कागद आहेत त्यांनीं वाघ, कोल्हा, अस्वल, घोरपड, ससाणा अशा श्वापद-पक्ष्यांचीं नांवें लाक्षणिक अर्थानें जेथें येतील तेथें तीं मितीसह टिपून ठेवावीं. काम क्षुल्लक दिसतें. परंतु कागदास वाळवी लागली म्हणजे राजाचें नांव दुसऱ्या कागदांत सांपडतें. एखाद्या शब्दाचा पहिला अर्थ गेला तर तो दुसरीकडे सांपडेलच असें नाहीं.